गुडघ्याच्या झिजेवरील पूरक गोळ्या : घटक, मात्रा आणि पुरावा यांची तुलना (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गुडघ्याच्या झिजेचे, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसचे, निदान झाल्यावर बहुतेकांच्या हाती एखादी पूरक गोळी येते. कधी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून, तर कधी शेजाऱ्यांच्या अनुभवावरून. बाजारातील गोळ्यांची नावे वेगळी असली तरी घटक मर्यादितच आहेत, आणि दोन गोळ्यांतील खरा फरक क्षाराचा प्रकार, मात्रा, अर्काचे प्रमाण आणि मूळ स्रोत यांत असतो. एखाद्या चाचणीत चांगला निष्कर्ष मिळाला, तर तो त्या चाचणीत वापरलेल्या विशिष्ट घडणीचा असतो. त्याच घटकाचे नाव छापलेल्या प्रत्येक गोळीला तो आपोआप लागू होत नाही. पुढील सर्व उत्तरे या दृष्टीने लिहिली आहेत. ती सांध्यांच्या झिजेपुरती, आणि त्यातही गुडघ्यापुरती मर्यादित आहेत. आमवात किंवा युरिक अॅसिडमुळे होणारी सांधेदुखी हे वेगळे आजार आहेत.

या गोळ्यांनी झिजलेली कूर्चा पुन्हा तयार होते का?

तसा विश्वासार्ह पुरावा नाही. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन हे कूर्चेचे, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरील लवचीक आवरणाचे, नैसर्गिक घटक आहेत, म्हणून ते तोंडावाटे दिल्यास कूर्चेला कच्चा माल मिळेल, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात पोटातून गेलेल्या ग्लुकोसामाइनचा मोठा भाग यकृतातच खर्च होतो आणि सांध्यापर्यंत अल्प अंश पोहोचतो.

बेल्जियममधील संशोधकांनी २१२ रुग्णांवर केलेली आणि २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली तीन वर्षांची चाचणी याबाबत सर्वाधिक सांगितली जाते. तीत ग्लुकोसामाइन सल्फेट घेणाऱ्यांच्या क्ष-किरण चित्रात सांध्यातील जागा कमी होण्याचा वेग मंद दिसला. मात्र उभे राहून काढलेल्या अशा चित्रातील जागा गुडघा किती सरळ होतो यावरही अवलंबून असते, आणि दुखणे कमी असलेला रुग्ण गुडघा अधिक सरळ करतो. त्यामुळे या निष्कर्षाचा अर्थ लावताना पुढे बरीच चर्चा झाली. झीज मंदावण्याची शक्यता मांडणे आणि कूर्चा भरून येते असे आश्वासन देणे, यांत फार मोठे अंतर आहे. दुसरे आश्वासन देणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

ग्लुकोसामाइन सल्फेट आणि ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइड यांत फरक काय?

तुलनेची सुरुवात येथूनच करावी, कारण दोन्ही डब्यांवर ‘१५०० मिलिग्रॅम’ लिहिलेले असले तरी आत तेवढेच ग्लुकोसामाइन असेल असे नाही.

ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइडमध्ये वजनाच्या सुमारे ८३ टक्के शुद्ध ग्लुकोसामाइन असते, म्हणजे १५०० मिलिग्रॅममध्ये जवळपास १२५० मिलिग्रॅम. ग्लुकोसामाइन सल्फेट हवेतील ओलावा चटकन शोषते आणि त्यामुळे टिकत नाही, म्हणून ते मीठ किंवा पोटॅशियम क्लोराइड यांच्याबरोबर स्थिर करावे लागते. युरोपात औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या मूळ स्फटिकी उत्पादनात १८८४ मिलिग्रॅम पदार्थ असतो. त्यात १५०० मिलिग्रॅम ग्लुकोसामाइन सल्फेट आणि ३८४ मिलिग्रॅम मीठ असते, व शुद्ध ग्लुकोसामाइन सुमारे ११८० मिलिग्रॅम भरते. आपल्याकडे अनेक गोळ्यांवर ‘ग्लुकोसामाइन सल्फेट पोटॅशियम क्लोराइड ७५० मिलिग्रॅम’ असे लिहिलेले असते. हा आकडा संपूर्ण क्षाराचा असेल, तर दिवसातून दोन गोळ्या घेऊनही शुद्ध ग्लुकोसामाइन सुमारे ८९० मिलिग्रॅमच मिळते.

तेव्हा शुद्ध अंश हायड्रोक्लोराइडमध्ये जास्त आहे. असे असूनही दीर्घकालीन चाचण्यांतील अनुकूल निष्कर्ष प्रामुख्याने स्फटिकी सल्फेटच्या बाजूने आहेत. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन गटाच्या २००५ च्या आढाव्यात इटलीच्या रोट्टा कंपनीच्या उत्पादनावरील चाचण्यांत वेदना कमी झालेल्या दिसल्या, इतर उत्पादनांवरील चाचण्यांत दिसल्या नाहीत. हा फरक क्षाराचा, दिवसातून एकदाच घेण्याच्या मात्रेचा, उत्पादनाच्या दर्जाचा, की उत्पादकाने खर्च उचललेल्या चाचण्यांत निष्कर्ष अधिक अनुकूल येतात या सर्वज्ञात प्रवृत्तीचा, याविषयी तज्ज्ञांत आजही एकमत नाही. ग्लुकोसामाइन घेऊन पाहायचेच असेल, तर ज्या स्वरूपावर आणि मात्रेवर अभ्यास झाला तेच घ्यावे, म्हणजे स्थिर केलेले सल्फेट, दिवसातून एकदा, १५०० मिलिग्रॅम.

मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत का नाहीत?

अमेरिकी शासनाच्या निधीतून झालेली ‘गेट’ ही चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १५८३ रुग्णांना २४ आठवडे ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइड, कॉन्ड्रॉइटिन, दोन्ही एकत्र, सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, देण्यात आली. वेदना किमान २० टक्क्यांनी कमी झालेल्यांचे प्रमाण प्लासिबो गटात ६०.१, ग्लुकोसामाइन गटात ६४, कॉन्ड्रॉइटिन गटात ६५.४, एकत्रित गटात ६६.६ आणि सेलेकॉक्सिब गटात ७०.१ टक्के होते. पूरक गोळ्या आणि प्लासिबो यांतील फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. या आकड्यांपैकी पहिला आकडा वाचकांनी विशेष लक्षात ठेवावा : औषध नसलेली गोळी घेऊनही दहापैकी सहा जणांना आराम वाटला. गुडघेदुखी मुळातच कमी-जास्त होत राहते, आणि दुखणे वाढलेले असतानाच माणूस उपाय सुरू करतो.

याच चाचणीतील मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या छोट्या गटात एकत्रित गोळीला ७९.२ टक्के आणि प्लासिबोला ५४.३ टक्के प्रतिसाद मिळाला. जाहिरातींत हाच आकडा झळकतो. मात्र त्याच छोट्या गटात सेलेकॉक्सिबसारखे परिणामकारक औषधही प्लासिबोपेक्षा निश्चितपणे सरस ठरू शकले नाही, हे जाहिरातीत सांगितले जात नाही. आणि एवढ्या लहान गटातील निष्कर्षाला मर्यादित वजन द्यावे, ते याच कारणाने.

पुढे युरोपात ६०६ रुग्णांवर झालेल्या ‘मूव्ह्ज’ चाचणीत एकत्रित गोळी आणि सेलेकॉक्सिब यांचा परिणाम सहा महिन्यांनी जवळपास सारखाच आढळला, दोन्हींत वेदना सुमारे निम्म्याने घटल्या. मात्र त्या चाचणीत प्लासिबो गटच नव्हता, त्यामुळे या घटीतील औषधाचा वाटा किती, हे तिच्यावरून ठरवता येत नाही. उलट २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्पेनमधील १६४ रुग्णांच्या चाचणीत एकत्रित गोळीपेक्षा प्लासिबो गटालाच अधिक आराम मिळाला आणि ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. १० मोठ्या चाचण्यांतील ३८०३ रुग्णांचा एकत्र विचार करणाऱ्या २०१० च्या विश्लेषणाने ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन आणि त्यांचे मिश्रण यांपैकी कशानेही रुग्णाला जाणवेल इतका लाभ होत नाही, असा निष्कर्ष काढला.

कॉन्ड्रॉइटिनची तुलना कशाच्या आधारे करावी?

स्रोत, शुद्धता आणि मात्रा यांच्या आधारे. हा घटक गाय-बैल, डुक्कर, कोंबडी किंवा मासे (विशेषतः शार्क) यांच्या कूर्चेतून काढतात, आणि स्रोतानुसार त्याच्या रेणूंची लांबी व रचना बदलते. तो महाग असल्याने त्यात भेसळीचे प्रकार जगभर उघडकीस आले आहेत. साध्या चाचणीत कॉन्ड्रॉइटिनसारखेच दिसणारे स्वस्त पदार्थ त्यात मिसळले जातात. युरोपातील ‘कन्सेप्ट’ चाचणीत (२०१७, ६०४ रुग्ण) औषधी दर्जाचे ८०० मिलिग्रॅम कॉन्ड्रॉइटिन सहा महिन्यांनी प्लासिबोपेक्षा सरस आणि सेलेकॉक्सिबच्या तोडीचे ठरले. हा निष्कर्ष त्या शुद्धतेच्या उत्पादनाचा आहे. एखाद्या मिश्र गोळीत कॉन्ड्रॉइटिन १०० किंवा २०० मिलिग्रॅम असेल, तर ८०० ते १२०० मिलिग्रॅमवर झालेल्या चाचण्यांचा तिच्याशी संबंध जोडता येत नाही.

आम्ही शाकाहारी आहोत. कोणती गोळी चालेल?

ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून बनते, परंतु बुरशीपासून तयार केलेले शाकाहारी ग्लुकोसामाइनही मिळते. कॉन्ड्रॉइटिन आणि कोलॅजेन हे मात्र जवळपास नेहमी प्राणिजन्य असतात. कॅप्सूलचे आवरणही पुष्कळदा जिलेटिनचे असते. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यावर हिरवी किंवा तपकिरी खूण पाहता येते. औषध म्हणून परवाना असलेल्या गोळीवर ती असेलच असे नाही, म्हणून केमिस्टकडे किंवा उत्पादकाकडे स्पष्ट विचारणा करावी. जैन आणि वारकरी कुटुंबांतील ज्येष्ठांना ही माहिती न देता अशी गोळी सुरू करणे योग्य नाही.

कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी मुख्यतः त्यांच्या मांसातील प्रथिनांची असते, कवचाची नव्हे. तरीही ज्यांना पूर्वी तीव्र अॅलर्जी झाली आहे, त्यांनी बुरशीजन्य ग्लुकोसामाइनच निवडावे.

एका गोळीत सहा-सात घटक असतील तर ती अधिक गुणकारी असते का?

नाही, आणि बहुधा उलटच. गोळीचा आकार मर्यादित असल्याने घटक वाढले की प्रत्येकाची मात्रा घटते. एमएसएम, म्हणजे मिथाइलसल्फोनिलमिथेन, हे याचे ठळक उदाहरण आहे. गुडघ्यावरील एका चाचणीत ते रोज ६ ग्रॅम, तर दुसरीत रोज सुमारे ३.४ ग्रॅम देण्यात आले होते. मिश्र गोळीत ते अनेकदा २०० ते २५० मिलिग्रॅमच असते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये ११८ रुग्णांवर झालेल्या २००४ च्या अभ्यासात ग्लुकोसामाइन व एमएसएम प्रत्येकी ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिले होते. तो अभ्यासही १२ आठवड्यांचाच होता.

मिश्रणात डायसेरिन असेल तर अधिक सावध राहावे. ते पूरक नसून औषध आहे, त्याने जुलाब होतात आणि यकृतावर परिणाम होऊ शकतो. युरोपीय औषध संस्थेने २०१४ मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले आणि ६५ वर्षांवरील रुग्णांना ते न देण्याचा सल्ला दिला.

कोलॅजेन ४० मिलिग्रॅम घ्यावे की १० ग्रॅम?

हे दोन वेगळे पदार्थ आहेत. दहा ग्रॅमची पूड म्हणजे विघटित कोलॅजेन, एक प्रकारचे प्रथिनच. चाळीस मिलिग्रॅमची कॅप्सूल म्हणजे कोंबडीच्या छातीच्या कूर्चेतील मूळ रचना न मोडलेले ‘टाइप-२’ कोलॅजेन. ते आतड्यातील रोगप्रतिकार यंत्रणेवर काम करते, अशी त्यामागील धारणा आहे. भारतातील रुग्णांवर १८० दिवस चाललेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९१ जणांच्या चाचणीत ते ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनपेक्षा सरस ठरले, परंतु त्या चाचणीचा खर्च उत्पादकाने उचलला होता. स्वतंत्रपणे केलेल्या मोठ्या चाचण्यांची येथे निकड आहे.

रोजच्या जेवणात हळद असतेच. मग कुरकुमिनची कॅप्सूल कशासाठी?

हळदीच्या पुडीत कुरकुमिन हा तिचा मुख्य क्रियाशील घटक साधारण ३ टक्के असतो आणि तो आतड्यातून फार थोडा शोषला जातो. भाजी-आमटीतील हळदीतून चाचण्यांतील मात्रा गाठता येत नाही. थायलंडमध्ये ३६७ रुग्णांवर झालेल्या २०१४ च्या चाचणीत हळदीचा १५०० मिलिग्रॅम अर्क चार आठवड्यांनी रोजच्या १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनच्या बरोबरीचा ठरला व पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. ऑस्ट्रेलियात गुडघ्यात पाणी साठलेल्या ७० रुग्णांवर १२ आठवडे झालेल्या चाचणीत वेदना प्लासिबोपेक्षा काहीशा अधिक घटल्या, पण एमआरआयमध्ये दिसणारे पाणी कमी झाले नाही. चाचण्या छोट्या आणि अल्पकालीन आहेत, तरीही वेदनेच्या बाबतीत त्यांचा कल बऱ्यापैकी एका दिशेने आहे, आणि म्हणून माझ्या मते सर्व पूरकांमध्ये कुरकुमिन व शल्लकी (तिच्याविषयी पुढच्या प्रश्नात) यांचा विचार ग्लुकोसामाइनच्या आधी व्हावा.

कुरकुमिनच्या घडणींची तुलना शोषणाच्या पद्धतीवरून करावी : मिऱ्यातील पिपरिन घातलेली, लेसिथिनबरोबर बांधलेली, हळदीच्या तेलासह बनवलेली, किंवा अतिसूक्ष्म कणांची. बेंगळुरूतील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की २ ग्रॅम कुरकुमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन दिल्यास रक्तातील प्रमाण अनेक पटींनी वाढते. मात्र पिपरिन इतर औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढवू शकते, त्यात फेनिटॉइन आणि प्रोप्रानोलॉल येतात. ज्यांना रोज अनेक गोळ्या घ्याव्या लागतात, त्यांनी पिपरिनयुक्त घडण टाळलेली बरी. अधिक शोषल्या जाणाऱ्या कुरकुमिनमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे अमेरिका, इटली आणि ऑस्ट्रेलिया येथे नोंदली गेली आहेत. गडद लघवी, डोळ्यांना पिवळेपणा किंवा अन्नावरची वासना उडणे, यांपैकी काहीही दिसल्यास गोळी लगेच बंद करून यकृताची तपासणी करून घ्यावी.

शल्लकीविषयी काय सांगता येईल?

शल्लकी म्हणजे सालईच्या झाडाचा डिंक. विदर्भ आणि सातपुड्याच्या कोरड्या पानझडी जंगलांत हे झाड सर्वत्र दिसते. नागपूर येथे ३० रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा अर्क ३३३ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा आठ आठवडे देण्यात आला, आणि वेदना व सूज घटून चालण्याचे अंतर वाढले. रुग्णसंख्या फार लहान होती, पण महाराष्ट्रातील रुग्णांवर, आपल्याच जंगलातील वनस्पतीवर झालेला हा अभ्यास पुढील अनेक चाचण्यांचा आधार बनला.

येथे तुलना करताना ‘अर्क किती’ यापेक्षा ‘अर्कात एकेबीए किती’ हे पाहावे. एकेबीए हे शल्लकीतील एक प्रमुख बॉसवेलिक आम्ल आहे. साध्या अर्कात ते अल्प असते, तर ३० टक्के एकेबीए असलेल्या संपृक्त अर्काची मात्रा रोज १०० ते २५० मिलिग्रॅम इतकीच लागते. २००८ मध्ये ७५ रुग्णांवर झालेल्या ९० दिवसांच्या चाचणीत हीच मात्रा वापरली होती. म्हणजे १०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल आणि १००० मिलिग्रॅमची दुसरी यांत मोठ्या आकड्याची कॅप्सूल चांगली असेलच असे नाही. एकेबीएचे प्रमाण न छापणारे उत्पादन तुलनेलाच पात्र नाही.

आयुर्वेदिक मिश्रणांवर आधुनिक पद्धतीची चाचणी झाली आहे का?

झाली आहे, आणि तिचे नेतृत्व पुण्यातून झाले. डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर २४ आठवडे केलेली दुहेरी-अंध चाचणी (कोणाला कोणते औषध दिले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली) २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. सुंठ आणि गुळवेल यांवर आधारित दोन आयुर्वेदिक कल्पांची तुलना ग्लुकोसामाइन सल्फेट व सेलेकॉक्सिब यांच्याशी करण्यात आली आणि चारही गटांतील सुधारणा सारख्याच प्रमाणात आढळली. प्लासिबो गट नव्हता, ही ‘मूव्ह्ज’सारखीच मर्यादा येथेही आहे. आयुर्वेदिक गटातील काही रुग्णांच्या रक्तात एसजीपीटी हे यकृताशी संबंधित विकर वाढलेले आढळले, आणि संशोधकांनी ते स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवले. वनस्पतीजन्य औषध निर्धोकच असते, या समजाला छेद देणारी ही नोंद प्रत्येक रुग्णाने लक्षात ठेवावी.

ड जीवनसत्त्व किंवा माशाचे तेल घेतल्याने गुडघे सुधारतात का?

रक्तातील ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते हाडांसाठी घ्यावे. गुडघ्याच्या झिजेसाठी अमेरिकेत १४६ आणि ऑस्ट्रेलियात ४१३ रुग्णांवर दोन-दोन वर्षे झालेल्या चाचण्यांत कूर्चेचा ऱ्हास थांबला नाही. क्रिल तेलाच्या २६२ रुग्णांवरील २०२४ च्या चाचणीतही प्लासिबोपेक्षा लाभ दिसला नाही.

तज्ज्ञ संस्थांची मार्गदर्शक तत्त्वे काय सांगतात?

ती परस्परांशी जुळत नाहीत. सांध्यांच्या झिजेवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था ओएआरएसआय (२०१९) आणि अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी (२०१९) गुडघ्यासाठी ग्लुकोसामाइनची शिफारस करत नाहीत, आणि ब्रिटनमधील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये ते देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. युरोपातील ईएससीईओ ही तज्ज्ञ संस्था मात्र औषधी दर्जाच्या स्फटिकी सल्फेटची शिफारस करते. अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सकांच्या संस्थेने २०२१ मध्ये हळद, आल्याचा अर्क, ग्लुकोसामाइन, कॉन्ड्रॉइटिन आणि ड जीवनसत्त्व यांचा सौम्य ते मध्यम आजारात उपयोग होऊ शकतो असे म्हटले, पण त्या शिफारशीचे बळ मर्यादित ठेवले.

कोणत्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सुरू करू नये?

वॉरफेरिन किंवा एसिनोकुमेरॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मुळीच सुरू करू नये. ग्लुकोसामाइन आणि हळदीचा अर्क या दोन्हींमुळे आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे मोजमाप, वाढल्याची उदाहरणे आहेत. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी पोटॅशियम क्लोराइडयुक्त ग्लुकोसामाइनबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण १५०० मिलिग्रॅममधून सुमारे १९० मिलिग्रॅम पोटॅशियम शरीरात जाते. रक्तदाब किंवा हृदयविकारामुळे मीठ कमी करण्यास सांगितले असेल, तर मिठाने स्थिर केलेल्या सल्फेटमधून रोज सुमारे १५० मिलिग्रॅम सोडियम मिळते, हे हिशेबात धरावे. नियंत्रित मधुमेहात ९० दिवसांच्या एका चाचणीत ग्लुकोसामाइनमुळे एचबीए१सी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, बदलली नाही, तरी सुरुवातीला साखर अधिक वेळा तपासलेली चांगली. यकृताचा आजार असल्यास कुरकुमिन टाळावे. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनीही त्याविषयी आधी विचारून घ्यावे.

गोळी किती दिवस घेऊन पाहावी आणि उपयोग होतो की नाही हे कसे ओळखावे?

तीन महिने पुरेसे आहेत. सुरू करण्यापूर्वी जिना चढताना, जमिनीवरून उठताना आणि रात्री झोपेत होणाऱ्या वेदनेला शून्य ते दहा यांपैकी गुण देऊन वहीत लिहून ठेवावे, आठवड्यातून किती वेदनाशामक गोळ्या लागतात हेही नोंदवावे, आणि त्याच काळात दुसरा कोणताही नवा उपाय सुरू करू नये. तीन महिन्यांनी दहापैकी किमान दोन गुणांचा फरक पडला नसेल तर गोळी बंद करावी. फरक पडला असेल तरीही महिनाभर थांबून पाहावे. दुखणे परतले नाही, तर ती गोळी पुढे घेण्याचे कारण उरत नाही. सवय म्हणून वर्षानुवर्षे घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांवर निवृत्तिवेतनातील मोठी रक्कम खर्च होताना पाहून वाईट वाटते, कारण तेवढ्या पैशांत अनेकदा फिजिओथेरपीची बरीच सत्रे झाली असती.

डब्यावर काय वाचावे?

क्षाराचे पूर्ण नाव, एका गोळीतील मात्रा (‘दोन गोळ्यांमागे’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते), अर्काचे प्रमाण आणि स्रोत. अन्नपूरक असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना असायला हवी. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून सर्व घटकांचे एकत्र वजन देणारे उत्पादन घेऊ नये, कारण त्याची कशाशीही तुलना करता येत नाही.

मग सर्वांत आधी काय करावे?

मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणे. पूरकांच्या बाबतीत भांडणाऱ्या सर्व संस्थांचे याबाबत एकमत आहे. एक किलो वजन उतरल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. डायक्लोफेनॅक जेलसारख्या वरून लावायच्या औषधाचा पुरावाही कोणत्याही पूरक गोळीपेक्षा भक्कम आहे आणि ते पोटाला कमी त्रासदायक आहे. पूरक गोळी यांच्या जोडीला घेता येते, यांच्या ऐवजी नाही.

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. गोळ्या चालू ठेवाव्यात का?

शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही सर्व पूरकांची यादी, डब्यांसह दाखवावी. कुरकुमिन, माशाचे तेल आणि ग्लुकोसामाइन यांचा रक्त गोठण्यावर परिणाम होण्याची शक्यता असल्याने ती साधारणपणे शस्त्रक्रियेपूर्वी एक ते दोन आठवडे थांबवण्यास सांगितले जाते. बदललेल्या सांध्यात कूर्चा उरत नाही, त्यामुळे त्या गुडघ्यासाठी ती नंतर पुन्हा सुरू करण्याची गरज नसते. दुसऱ्या गुडघ्यासाठी ती घ्यायची का, हे वर सांगितलेल्या तीन महिन्यांच्या नोंदींवरून ठरवावे.